विमान उतरल्यानंतरचे तिकीट

परदेशप्रवासाचे अंदाजपत्रक आखताना खानदेशातील व्यापारी कुटुंबे विमानाच्या भाड्यावर महिनोन्महिने नजर ठेवून असतात. कोणत्या वारी भाडे उतरते, मुंबईहून थेट जावे की आखातात विमान बदलावे, दिवाळीपूर्वी जावे की नंतर, याचा खल दुकानाच्या गादीवर बसून होतो. खाखरे, मुगाच्या वड्या, कोरड्या चटण्या यांचे वजनही आधीच काट्यावर करून ठेवलेले असते. मात्र विमान उतरल्यापासून मुलीच्या वा मुलाच्या दारापर्यंत जे शंभर-दीडशे किलोमीटर उरतात, त्यांचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. ‘उतरल्यावर बघू’ एवढ्यावर तो विषय संपतो. त्यामुळे सहा महिने जपून वाचवलेले पैसे कित्येकदा रेल्वेच्या खिडकीवर सहा मिनिटांत खर्ची पडतात.

धुळ्याच्या एका धान्यव्यापारी गृहस्थांनी मात्र हा हिशेब निघण्यापूर्वी मांडला होता. वय ६३, पत्नीचे ६०. मुलगी विवाहानंतर इंग्लंडमधील लेस्टर येथे राहते. रब्बीच्या खरेदीची घाई ओसरल्यावर मे महिन्याच्या अखेरीस निघायचे आणि चातुर्मास सुरू होण्यापूर्वी परतायचे, असा पाच आठवड्यांचा बेत होता. विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सकाळी साडेअकराला उतरणार होते. तेथून लेस्टर सुमारे १६० किलोमीटर. जावई मोटार घेऊन यायला तयार होते. परंतु तो कामाचा दिवस होता आणि त्यांची एक दिवसाची रजा बुडणार होती. मुलगी म्हणाली, “पप्पा, मग गाडीचं तिकीट मी इथून काढून ठेवते.” त्यालाही गृहस्थांनी नकार दिला. लेकीच्या घरचे पाणीदेखील पिऊ नये, अशा मर्यादेत त्यांचे आजोबा वागले होते. काळ बदलला, ते आता लेकीकडे महिनाभर राहणार होते. तरी तिच्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च आपलाच असावा, एवढा आग्रह त्यांनी राखला होता.

या आग्रहापोटी ते परदेशी रेल्वेचे भाडे समजून घ्यायला बसले आणि प्रथमदर्शनीच गोंधळले. एकाच दिवशी, त्याच दोन स्थानकांमध्ये, त्याच वर्गाच्या प्रवासाला पाच-सहा निरनिराळे भाव दिसत होते.

त्यांचा गोंधळ स्वाभाविक होता. १९०० साली सुरू झालेल्या धुळे–चाळीसगाव या फाट्यावर तीन-चार पिढ्या ज्यांनी ये-जा केली, त्यांच्या मनात रेल्वेच्या भाड्याविषयी एक पक्की समजूत असते. अंतर ठरलेले, वर्ग ठरलेला, म्हणजे भाडे ठरलेले. राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना २०१६ पासून चढते भाडे लागू झाले, तेही मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच. तत्काळला थोडे अधिक मोजावे लागते. एरवी ६० दिवस आधी तिकीट काढा किंवा चार दिवस आधी, भाव तोच असतो. आपल्याकडे अनिश्चित असते ती जागा. प्रतीक्षायादीत आपण कितवे, आरएसी तरी होईल का, तक्ता कधी लागेल, ही आपली चिंता.

ब्रिटनमध्ये हे चित्र नेमके उलटे आहे. तेथे गाडीत चढता येईल की नाही ही चिंता सहसा नसते. चिंता असते ती भावाची. आपल्याकडे भाव स्थिर आणि जागा अस्थिर, तिकडे जागा स्थिर आणि भाव अस्थिर. एवढे सूत्र लक्षात आले, तेव्हा धान्याच्या बाजारात चाळीस वर्षे घालवलेल्या त्या गृहस्थांना पुढचे सारे सोपे झाले. तेजी-मंदी तर त्यांच्या रोजच्या परिचयाची होती.

तेथील तिकिटांचे मुख्य प्रकार तीन. पहिले आगाऊ तिकीट. ते साधारणपणे १२ आठवडे आधीपासून विक्रीस येते, संख्येने मर्यादित असते आणि सर्वांत स्वस्त असते. मात्र ते एका ठरावीक गाडीला बांधलेले असते. ती गाडी सुटण्यापूर्वी शुल्क आणि भावातील फरक भरून ते बदलता येते, पण पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटल्यानंतर त्याचा नुसता कागद उरतो. दुसरे ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ टाळून कोणत्याही गाडीने जाण्याचे तिकीट. तिसरे एनीटाइम, अर्थात कोणत्याही वेळी चालणारे आणि म्हणूनच सर्वांत महाग. गृहस्थांनी आपल्या भाषेत त्याची नोंद केली: पहिला वायद्याचा सौदा, तिसरा हजर माल, आणि दुसरा या दोहोंच्या मधला. वायद्यात माल स्वस्त पडतो, कारण मुदत पाळण्याची जोखीम घेणाऱ्याच्या शिरावर असते. ती मुदत आपण पाळू शकू का, एवढाच प्रश्न उरतो.

एप्रिलमध्ये त्यांना एक मोह पडला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून दुपारी अडीचच्या सुमारास सुटणाऱ्या गाडीचे आगाऊ तिकीट फारच स्वस्त दिसत होते. विमान साडेअकराला उतरणार, म्हणजे हाताशी तीन तास. मुलाने दुकानातूनच मोबाइलवर ते तिकीट काढून देण्याची तयारी दाखवली. गृहस्थांनी त्याला थांबवले आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. पारपत्रतपासणीच्या रांगेला दीड तास, सामान पट्ट्यावर येण्यास अर्धा तास, हीथ्रोहून सेंट पँक्रसला थेट जाणाऱ्या पिकाडिली मार्गाच्या भुयारी गाडीला एक तास, आणि अनोळखी जागी वाट चुकण्यासाठी आणखी एक. बेरीज चार तास. त्यातही विमान वेळेवर उतरेल हे गृहीत धरलेले. आणि कायद्याचा एक बारकावा त्यांनी हेरला होता. एका गाडीला उशीर झाल्याने पुढची ठरलेली गाडी चुकली, तर रेल्वे प्रवाशाला नंतरच्या गाडीत बसू देते. परंतु विमानाच्या उशिराशी रेल्वेचा काही संबंध नसतो. ती जोखीम सर्वस्वी प्रवाशाची.

चाळीसगावच्या फलाटावर जोडगाडी चुकून रात्र काढलेल्या धुळेकरांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही भावातील फरक मोठा होता आणि वाचणारे पौंड रुपयांत मोजले की अधिकच डोळ्यांत भरत होते. गृहस्थ दोन दिवस या विचारात होते. अखेर पत्नीने विषय मिटवला. त्या म्हणाल्या, “अहो, लेकीला पैसे भरू द्यायचे नाहीत, हे मान्य. पण ती बिचारी त्या दिवशी कामावर बसून आपलं विमान कुठवर आलं ते पाहत राहणार. गाडी मिळाली की नाही, म्हणून दहा वेळा फोन करणार. तो खर्च कोणाच्या खात्यावर लिहायचा?”

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. स्वस्त तिकिटाची उरलेली किंमत कोणीतरी चुकती करतच असते. कधी ती प्रवासी स्वतः धावपळीने चुकती करतो, तर कधी घरी वाट पाहणारे माणूस चिंतेने. गृहस्थांनी आगाऊ तिकिटाचा विचार सोडून दिला आणि मधला मार्ग धरला. ऑफ-पीक तिकिटाची एक सोय अशी की, ते आठ दिवस आधी घेतले काय किंवा त्याच दिवशी खिडकीवर घेतले काय, भाव सारखाच असतो. म्हणजे उतरेपर्यंत पैसे कोठेच अडकत नाहीत. ध्यानात ठेवण्याची गोष्ट इतकीच की, लंडनहून निघणाऱ्या काही मार्गांवर सकाळप्रमाणेच संध्याकाळची गर्दीची वेळही वर्ज्य असते. म्हणून दुपारीच लंडन सोडायचे त्यांनी ठरवले.

मग भाव खाली आणण्याचा दुसरा उपाय शोधला गेला, आणि तो सापडला रेलकार्डात. वर्षभर चालणाऱ्या या कार्डावर बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते आणि ते परदेशी पाहुण्यांनाही घेता येते. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठांचे कार्ड आहे. त्याची किंमत मार्च २०२५ पासून ३५ पौंड झाली. दोघांची दोन कार्डे घेतली तर ७० पौंड. परंतु ‘टू टुगेदर’ नावाचे आणखी एक कार्ड आहे, तेही ३५ पौंडांचे. त्यावर दोन व्यक्तींची नावे आणि छायाचित्रे असतात आणि दोघांनी बरोबर प्रवास केला तरच सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते चालत नाही. “पस्तीस वर्षं बरोबरच फिरतोय, आता त्याचंही कार्ड काढायचं का?” असे पत्नी हसून म्हणाल्या, पण त्याच संध्याकाळी दोघे धुळ्याच्या आग्रा रोडवर छायाचित्रे काढून आले.

या कार्डाचा हिशेब सरळ आहे. ३५ पौंड ही १०५ पौंडांची एक तृतीयांश रक्कम. म्हणजे वर्षभरात दोघांच्या तिकिटांची मूळ बेरीज १०५ पौंडांच्या पुढे जाणार असेल तर कार्ड घ्यावे, नसेल तर घेऊ नये. या दांपत्याला लेस्टरला जायचे होते, परत हीथ्रो गाठायचे होते, आणि मधल्या काळात लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे २००५ साली प्रतिष्ठा झालेल्या ओशवाल केंद्रातील शिखरबंदी देरासराचे दर्शनही घ्यायचे होते. तेव्हा कार्ड फायद्याचे होते. तीन ते नऊ माणसे एकत्र निघाली, तर अनेक गाड्यांत कार्डाशिवायही गटासाठी तेवढीच सूट असते, हे मोठ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

एक युक्ती मात्र भारतीय मनाला सुचणे कठीण. आपल्याकडे अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणून धुळ्याहून मुंबईचे तिकीट मध्येच तोडून दोन तिकिटे घेतली तर ती महागच पडतात. ब्रिटनमध्ये कित्येकदा याच्या उलट घडते. एकाच गाडीतील एकाच प्रवासासाठी मधल्या स्थानकापर्यंत एक आणि तेथून पुढे दुसरे, अशी दोन तिकिटे घेतली तर बेरीज कमी भरते. हे पूर्णपणे नियमाला धरून आहे. अट एवढीच की, ज्या स्थानकावर तिकिटे जोडली, तेथे ती गाडी थांबली पाहिजे. प्रवाशाला उतरावे लागत नाही. तिकीट विकणारे काही मध्यस्थ वर शुल्क आकारतात. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर ते सहसा लागत नाही, हेही पाहून घ्यावे.

ज्यांना जिने आणि गाड्यांची अदलाबदल झेपत नाही, त्यांच्यासाठी हीथ्रोवरून थेट लेस्टरला जाणारी लांब पल्ल्याची बसही असते. ती वेळ अधिक घेते. परंतु सामान एकदा खाली ठेवले की लेस्टरलाच उचलायचे. भाड्याचा विचार करताना गुडघ्यांचाही विचार करावा लागतो, आणि तो करण्यात काही कमीपणा नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गणित करून निघावे. लेस्टरला मे-जूनमध्ये सूर्यास्त रात्री नवाच्याही पुढे होतो. दुपारची गाडी चुकली तरी घरी पोहोचून सूर्य असताना जेवता येते. डिसेंबरात मात्र तेथे चारच्या आत सूर्य मावळतो. त्या दिवसांत दुपारी उतरणाऱ्या विमानाने जाणाऱ्याने भोजन स्थानकावरच, बाकावर बसून, डब्यातले उरकावे हे उत्तम. स्वस्त गाडीसाठी तीन तास थांबणे कोणत्या ऋतूत परवडते आणि कोणत्या ऋतूत नाही, हे असे सूर्यावरही अवलंबून असते.

ब्रिटनचे हे नियम इतर देशांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. आज खानदेशातील अनेक घरांतील मुले जर्मनीत शिकतात. तेथेही ठरावीक गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट आणि कोणत्याही गाडीला चालणारे महाग तिकीट असा भेद आहे. विमानाला उशीर झाल्यास बांधलेले तिकीट तेथेही बुडते. शिवाय तिकीट म्हणजे आसन नव्हे. आसनाचे आरक्षण बहुधा वेगळे पैसे देऊन करावे लागते. १४ वर्षांपर्यंतची मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य जातात. मात्र सहा वर्षांपुढील मुलांची नोंद तिकिटावर व्हावी लागते. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळणारे ‘डॉइचलांड-टिकट’ महिनाभर देशातील सर्व स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालते. पण ते वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, ते दिनदर्शिकेच्या महिन्याचे असते आणि ते वर्गणीच्या स्वरूपात मिळते; चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केले नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. पंचवीस तारखेला उतरणाऱ्या पाहुण्याला ते स्वस्त पडेलच असे नाही.

हिऱ्यांच्या व्यापारामुळे ज्यांचे नातलग बेल्जियममधील अँटवर्पला आहेत, त्यांची वाट अधिक सोपी आहे. ब्रसेल्सच्या विमानतळाखालीच स्थानक आहे, तेथून अँटवर्पला थेट गाड्या जातात, आणि देशांतर्गत तिकीट एखाद्या गाडीला बांधलेले नसते. विमानतळाच्या स्थानकासाठी थोडा अधिभार तेवढा भरावा लागतो. जपानला सहलीसाठी जाणाऱ्यांनी मात्र जुन्या माहितीवर विसंबू नये. परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियोहून क्योटोला जाऊन परत येण्याइतकाच प्रवास असेल, तर सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. ‘पास म्हणजे बचत’ ही समजूत हिशेबाने तपासून घ्यावी लागते.

स्वस्ताईच्या शोधात एक मर्यादा मात्र सर्व देशांत सारखी आहे. मुलाचे वय एक वर्षाने कमी सांगणे, ऑफ-पीक तिकिटावर गर्दीच्या वेळेची गाडी पकडणे, कार्डावरचा जोडीदार बरोबर नसताना सूट घेणे, हे बचतीत मोडत नाही. इंग्लंडमध्ये विनातिकीट प्रवासाचा दंड जानेवारी २०२३ पासून १०० पौंड आणि वर प्रवासाचे भाडे इतका आहे. पण दंड नसता तरी गोष्ट तीच राहिली असती. काटकसर म्हणजे आपल्या हक्काचे पैसे जपणे. दुसऱ्याच्या हक्काचे ठेवून घेणे नव्हे.

ते दांपत्य मेच्या अखेरच्या आठवड्यात बुधवारी हीथ्रोवर उतरले. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि अशा दिवशी रुळांची कामे निघून गाड्यांऐवजी बसने जावे लागण्याचा संभव असतो, म्हणून तो दिवस त्यांनी मुद्दाम टाळला होता. विमान वीस मिनिटे आधीच उतरले. पारपत्राची रांग अर्ध्या तासात सरली. पावणेदोनला दोघे सेंट पँक्रसच्या खिडकीपुढे उभे होते. त्यांनी छायाचित्रे देऊन कार्ड करून घेतले, त्यावर सूट घेऊन तिकिटे काढली आणि पुढच्याच गाडीने सव्वा तासाच्या आत लेस्टर गाठले. एप्रिलमध्ये पाहिलेल्या त्या अडीचच्या गाडीला अद्याप वेळ होता. म्हणजे स्वस्त तिकीट घेतले असते तरी चालले असते.

धुळ्याहून मुलाचा संदेश आला, “पप्पा, उगाच जास्त दिले ना?” गृहस्थांनी त्याला उत्तर दिले, “दुकानाला आग लागली नाही, म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं आपण म्हणतो का?”

परतीच्या वेळी त्यांनी आगाऊ तिकीटच घेतले. महिन्याच्या आत परतणाऱ्यांसाठी जाण्यायेण्याचे एकत्र तिकीट असते, पण त्यांचा मुक्काम पाच आठवड्यांचा होता. आणि परतीला बांधलेली गाडी त्यांना भिववत नव्हती. लेकीच्या घरून स्थानक गाठणे हे त्यांच्या हातात होते. विमानाचे उतरणे तसे नव्हते. मात्र ते बांधून घेतानाही त्यांनी विमानाच्या वेळेपूर्वी सहा तास पोहोचवणारी गाडी निवडली, कारण त्या टोकाला चुकणारी गोष्ट रेल्वेची गाडी नसून विमान होते. जेथे वेळ आपल्या हाती आहे तेथे स्वस्त सौदा बांधावा. जेथे ती दुसऱ्याच्या हाती आहे तेथे मोकळीक विकत घ्यावी.

स्थानकावर निरोप देताना मुलीने डब्यात ठेपले बांधून दिले. आजोबांच्या मर्यादेला ते धरून नव्हते. गृहस्थांनी क्षणभर डब्याकडे पाहिले, मग तो पिशवीत नीट आडवा होणार नाही असा ठेवला आणि गाडीत चढले. प्रवासखर्चाच्या वहीत त्या दिवशी दोन तिकिटांची रक्कम आहे, भुयारी गाडीची आहे, पाण्याच्या बाटलीचीही आहे. ठेपल्यांपुढे फक्त ‘जमा’ असे लिहिले आहे, आकडा नाही.